कानावरचे केस

नाणं मी दिव्याखाली धरलं, दोन बोटांनी कडेवर पकडून नेहमीसारखं सावकाश कलतं केलं, आणि काहीच फिरलं नाही. मी ते परत सरळ केलं, परत कलवलं. दिव्याची मान थोडी खाली ओढली. चष्मा काढून पुसला, घातला. नाण्यावरची बाई तशीच आपली एका बाजूला तोंड करून बसलेली, शंभराहून जास्त वर्षं जशी बसली आहे तशी, आणि तिच्या गालावर उजेड नुसता सांडलेला होता, भिंतीवर सांडतो तसा. जुना चांदीचा डॉलर टांकसाळीतून निघाल्यावर कुणाच्या खिशात गेलेला नसेल, तर त्याच्यावर उजेडाचं एक चाक असतं. ठसा दाबला जाताना धातू मधून कडेकडे सरकतो, त्या सरकण्याच्या बारीक रेषा अंगावर राहतात, आणि नाणं कललं की उजेडाच्या दोन आऱ्या त्या रेषांवरून गोल फिरतात. ते चाक कुणी कोरत नाही, कुणाला परत आणताही येत नाही. चार हातांतून नाणं गेलं की गालावर, कानावरच्या केसांवर, जिथे जिथे ते उंच आहे तिथे रेषा मोडतात आणि चाक तिथे अडखळतं. हे मी रविवारच्या वर्गात इतक्या मुलांना इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. मुलांना मी एकच प्रश्न विचारतो, काय दिसतं? आणि आता नाण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, माझ्या रोजच्या खुर्चीत बसून, तोच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो आणि मला उत्तर येत नव्हतं.

समोर वहिनी बसल्या होत्या, म्हणजे वकिलाची, माझ्या जुन्या मित्राची, बायको. पर्स मांडीवर उभी धरून, दवाखान्यात बसल्यासारख्या. वकील गेला त्याला वर्ष होत आलं. त्याच्या सगळ्या नाण्यांना मी नावं ठेवली होती किंवा मान डोलावली होती, त्याचं एकही नाणं माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कपाटात गेलं नाही, अशी माझी समजूत होती. आणि आज वहिनींनी पर्समधून खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काढली, तिच्यातला कापूस बाजूला केला, आणि मी कधीच न पाहिलेलं नाणं टेबलावर ठेवलं.

"काय झालं, भाऊजी?" त्या म्हणाल्या.

"काही नाही. दिवा जरा मंद आहे."

"मला तर डोळ्यांत खुपतोय."

नाणं उलटून मी मागची बाजू पाहिली. गरुडाखाली पानांचा गोफ, गोफाखाली टांकसाळीचं इवलंसं अक्षर. अक्षर बरोबर होतं. पुढे बाईच्या मानेखाली साल, तेही बरोबर. भिंगाखाली दोन्ही दिसली, म्हणजे अक्षराच्या मधोमध एक डाग तरंगत होता, पण बाजूंवरून अक्षर ओळखू आलं. आणि मी भिंग खाली ठेवलं, कारण हे साल आणि हे अक्षर एकत्र असलेलं नाणं म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात छळणारा प्राणी. नवखे लोक विचारतात, किती पाडली होती? तो प्रश्नच चुकीचा आहे. किती उरली, हे विचारायचं, आणि कशी उरली, हे विचारायचं. या सालची नाणी भरपूर पाडली गेली, लोकांनी ती खिशात घालून वापरली, आणि उरलेली पोत्यांनी वितळवली. त्यामुळे झिजलेलं हवं असेल तर कुठल्याही दुकानाच्या ताटलीत मिळेल. न झिजलेलं मात्र माझ्या उभ्या आयुष्यात मी दोनदा पाहिलं, तेही दुसऱ्याच्या हातात. त्यात आणखी एक खोच. या टांकसाळीतल्या लोकांनी ठसा कधी धड दाबलाच नाही, त्यामुळे बाईच्या कानावरचे केस जन्मापासूनच सपाट. केस सपाट दिसले की अर्धा कच्चा माणूस म्हणतो, झिजलंय, आणि नाणं परत करतो. सपाटपणा जन्माचा की वापराचा, हे फक्त ते चाक सांगतं. झिजलेलं असेल तर उजेड तिथे येऊन मरतो. नुसतंच कच्चं दाबलेलं असेल तर सपाट जागेवरूनही उजेड वाहत पुढे जातो. एवढाच फरक, आणि तेवढ्यावर सगळं.

"गिऱ्हाईक आहे का कुणी?" मी विचारलं. बोलत राहिलो की विचार करायला वेळ मिळतो.

"विकायचं कुठे म्हणतेय मी?" वहिनी म्हणाल्या. "मला एवढंच कळायला हवंय, हे त्यांनी तुम्हाला का दाखवलं नाही. उठताबसता तुमचं नाव. मासळीवालीने सुटे पैसे दिले तरी म्हणायचे, थांब, त्याला दाखवतो. आणि ही डबी मोज्यांच्या खणात, मोज्यांच्या खाली. नाणं काय आहे ते तुम्ही सांगितलंत की कारणही कळेल मला."

"ते कसं?"

"ते माझं मी बघेन. तुम्ही आधी नाणं सांगा."

मी कधीच कुणाला थांबवत नाही. एक मिनिट, फार तर दोन, आणि निकाल. त्यावरून वकील चेष्टा करायचा, कोर्टात तू न्यायाधीश असतास तर आम्ही वकील उपाशी मेलो असतो. आणि मी म्हणालो, "राहू द्या माझ्याकडे, वहिनी. उद्या सांगतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. पर्स बंद झाल्याचा आवाज आला, एवढं खरं. बाहेरून दुकानाच्या मालकाने डोकं आत घातलं, "सर, झालं का?" आणि मी त्याच्यावर खेकसलो, "होतंय!" बिचाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चढलेला ऐकला असेल. डोकं लगेच बाहेर गेलं.

घरी चालत गेलो. बसची पाटी लांबून वाचायला लागू नये म्हणून हल्ली मी चालतोच, आणि घरी सांगतो की व्यायाम. दुकानांच्या शटरच्या आडव्या रेघा, माझी नजर जिथे पडेल तिथे, मधोमध पोटात वळत होत्या, कुणी मागून बोट लावल्यासारख्या. डोळ्यांचा डॉक्टर, माझ्याच वर्गात बसलेला कधीकाळी, मोठ्या अदबीने म्हणाला होता, "सर, मोतीबिंदू असता तर मी आनंदाने काढला असता. हा मागचा पडदा आहे. मधोमध झीज आहे." झीज म्हणाला. त्याला दुसरा शब्द सुचला नाही का? वर एक चौकटींचा कागद दिला, फ्रीजवर चिकटवा म्हणाला, रोज एकेका डोळ्याने पाहा, कुठल्या चौकटी वाकड्या दिसतात ते बघा. म्हणजे मी रोज सकाळी, दूध घ्यायच्या आधी, स्वतःची परीक्षा घ्यायची आणि स्वतःच नापास व्हायचं. मी तो कागद घडी घालून टेबलाच्या खणात टाकला. झिजलेल्या नाण्याला रोज भिंग लावल्याने त्याचे केस परत येतात थोडेच!

घरी पोचल्यावर पहिलं काम केलं ते माझं स्वतःचं नाणं काढायचं. साधंच आहे, ज्या सालची नाणी खूप उरली त्यातलं, पण त्याचं चाक असं आहे की आंधळ्यालाही दिसावं. मुलांना मी पहिल्यांदा तेच दाखवतो. खिडकीपाशी नेऊन कलवलं, आणि फिरलं की! दोन आऱ्या, एक गालावरून, एक ताऱ्यांवरून, सरसर. मला एवढं हायसं वाटलं की मी खुर्चीत बसलो. म्हणजे डोळे ठीक आहेत, म्हणजे वकिलाचं नाणं झिजलेलं आहे, म्हणजे त्याला ते ठाऊक होतं आणि म्हणून त्याने लपवलं, लबाडाने, माझ्या तोंडून ऐकायला नको म्हणून. सगळं जागच्या जागी बसलं. मग मी सहज, खरंच सहज, डोळे मिटले आणि हात तसाच कलवला. आणि मिटल्या डोळ्यांआड चाक फिरलं. तस्संच. एक आरी गालावरून, एक ताऱ्यांवरून. मी डोळे उघडले, मिटले, उघडले. फरक नव्हता. हे नाणं इतकी वर्षं माझ्या हातात फिरतंय की ते कुठल्या कोनात उजळतं हे माझ्या मनगटाला पाठ आहे. मला दिसतंय की आठवतंय? घरातलं एकेक नाणं काढून बघितलं. सगळी फिरली. सगळी माझ्या ओळखीची होती. ओळखीचं सगळं मला दिसत होतं. परकं असं घरात एकच होतं, आणि तेच तेवढं गप्प होतं.

जेवताना मी तांब्यातलं पाणी ग्लासाच्या शेजारी ओतलं. थोडंच. लेकीने फडकं आणून पुसलं आणि ते पिळताना म्हणाली, "बाबा, डोळे दाखवलेत?"

"दाखवले."

"काय म्हणाले?"

"वय झालं म्हणाले."

"त्याला डॉक्टर कशाला हवा? मी फुकट सांगितलं असतं."

टाचणी खो खो हसली. टाचणी म्हणजे माझी नात, दहा वर्षांची, अंगाने तशीच आणि बोलायलाही तशीच. पूर्वी मीही हसलो असतो. त्या दिवशी मला त्या दोघींचा, पाण्याचा, फडक्याचा, सगळ्याचाच राग आला. आयुष्यभर मी दुसऱ्यांना म्हणत आलो, घाई करू नका, नीट पाहा, पाहायला वेळ लागतो. आणि मला कुणी वेळ द्यायला तयार नाही. पडदा नाही, वहिनी नाहीत, कुणीच नाही. "उद्या वर्ग आहे ना आजोबा?" टाचणीने विचारलं. "मी आलंच पाहिजे का?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "मला ते चाक कधीच दिसत नाही." हे मात्र खरं होतं. वर्गातल्या सगळ्या मुलांना दिसतं, तिला दिसत नाही. नाणं हातात घेऊन ती नुसती बसते, कपाळाला आठ्या घालून, आणि मग म्हणते, कुठंय? मी कधी रागावलो नाही. पुन्हा दाखवायचो, पुन्हा. पण माझ्या सगळ्या शिकवण्यात ही एक जागा सपाट राहिली होती, आणि ती माझ्याच घरातली होती, हे मला खुपत होतं. डबी मी उशाशी ठेवली. वकिलाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर आठवले ते त्याच्या कानांवरचे केस, दाट, पांढरे, झुपकेदार. मी त्याला म्हणायचो, तुझा एवढाच भाग अजून अजिबात झिजलेला नाही. तो म्हणायचा, तू जपून ठेव मला, दुर्मिळ आहे मी.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वर्ग भरतो. लांब टेबल, दोन्ही बाजूंनी मुलं, उत्तरेची मोठी खिडकी. मुलं मला सर म्हणतात आणि मी पाठमोरा असलो की डॉलरआजोबा. रात्रीतून मला एक युक्ती सुचली होती, आणि ती सुचल्यापासून मी स्वतःवर खूश होतो. नऊ-दहा कोवळे डोळे, म्हणजे त्याच्या दुप्पट, आणि सगळे मी तयार केलेले. मी वकिलाचं नाणं टेबलावर ठेवलं, त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि म्हणालो, "एकेकाने घ्या. कडेवर धरा. काय दिसतं?"

पहिला ढब्बू. त्याने घेतलं, कलवलं. "फिरतंय सर!" शेजारची बँकवाल्याची मुलगी. "फिरतंय!" मग बडबड्या, जो प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. "मस्त फिरतंय सर, एकदम पंख्यासारखं!" नाणं हातोहात पुढे सरकत होतं आणि प्रत्येक 'फिरतंय'ला माझा ऊर भरून येत होता. म्हणजे चांगलं आहे! म्हणजे माझा पडदा गेला, ठीक आहे, जाऊ दे, पण वकिलाचं नाणं चांगलं आहे, आणि माझी मुलं ते बघू शकतात. आणि त्या आनंदातच माझ्या लक्षात एक गोष्ट आली. समोरचं नीट दिसत नाही तेव्हा बाजूची हालचाल फार जाणवते. प्रत्येक मूल नाणं कलवत होतं, आणि बोलायच्या आधी, अगदी क्षणभर, त्याची मान वर होत होती. माझ्याकडे. ढब्बूची झाली. त्या मुलीची झाली. बडबड्याची सर्वांत आधी.

मी पिशवीतून मेलेलं नाणं काढलं. वकिलानेच ते मला दिलं होतं, वर्गात दाखवायला. कुणीतरी कधीतरी सोड्याच्या पाण्यात उकळून त्याची कातडी सोलली होती. स्वच्छ, पांढरं, आणि पार मेलेलं, चाक म्हणून नाही. देताना वकील स्वतःच म्हणाला होता, हे धुतलेलं आहे बरं का. मला तेव्हा गंमत वाटली होती, कारण एरवी तो माझ्या तोंडून ऐकायची वाट पाहायचा. एरवी मी हे नाणं मुलांना दाखवतो तेव्हा आधीच सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, बघा, याचं काय झालं. आज टाकला नाही. भुवया थोड्या वर केल्या, तोंडावर थोडं कौतुक आणलं, आणि ते पुढे सरकवलं. "आणि हे?"

"फिरतंय सर!"

"फिरतंय!"

"पहिल्यापेक्षा भारी फिरतंय सर!"

"अरे नाण्याकडे बघा ना!" माझा हात टेबलावर आपटला. "माझ्याकडे काय बघताय? माझ्या तोंडावर काय आहे? नाण्यावर बघा!"

टोकाला एक छोटा मुसमुसायला लागला. मी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणालो, तुझ्यावर नाही रे रागावलो. आणि हे खरंच होतं. कुणावर रागवायचं? इतकी वर्षं, इतके रविवार, मी समजत होतो की मी त्यांना पाहायला शिकवतोय. आणि ती शिकली होती, मन लावून, हुशारीने शिकली होती. पण नाणं नाही, मला. माझ्या भुवया कधी वर जातात, माझा श्वास कधी अडतो, सुस्कारा कधी पडतो. माझ्या चेहऱ्याची इतकी पारख त्यांना होती की तेवढी माझ्या बायकोलाही नव्हती. मी ज्याला धीर म्हणत होतो, तो धीर त्यांना माझ्या तोंडावर दिसत होता, आणि तो संपायच्या आत ती बिचारी मला उत्तर देऊन मोकळं करत होती. पन्नाशी उलटलेला तो डोळ्यांचा डॉक्टरही, आता आठवलं, सांगताना माझ्याकडेच बघत होता.

"तू?" मी टाचणीला म्हणालो. ती सगळ्यांच्या शेवटी बसली होती. दोन्ही नाणी आता तिच्यापुढे होती. "तुला तरी काय दिसतं?"

"तुम्ही तिकडे तोंड करा," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही बघत असलात की मला दिसत नाही."

बडबड्या फिसकन हसला आणि कुणीतरी त्याला कोपर मारलं. मी खिडकीकडे तोंड केलं. काचेबाहेर समोरच्या इमारतीचे गज होते आणि ते मधोमध वाकले होते, मी पाहत होतो तिथेच. मागे नाणं टेबलाला टेकल्याचा आवाज, मग काही नाही. फार वेळ काही नाही. माझ्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं, जरा कलतं कर, अजून जरा, आणि मी ते गिळलं. मी कुठे उभा आहे, माझे खांदे कसे आहेत, हेही तिला दिसत असेल म्हणून मी खांदे सैल सोडले. मुलांपैकी कुणी खोकलं. मला माहीत नव्हतं की तिच्या हातात कुठलं नाणं आहे. मला माहीत नव्हतं की उत्तर काय आहे. शिकवायला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

"हे मेलंय," टाचणी म्हणाली. "याच्यावर उजेड सगळीकडे सारखाच आहे. पीठ सांडल्यासारखा."

"बरं."

"आणि हे फिरतं." खुर्ची जरा सरकली. "पण कानाच्या वर, केसांपाशी, जरा मंद होतं. तिथे केस पुसल्यासारखे आहेत. पण थांबत नाही. मंद होतं आणि पलीकडे जातं. आजोबा, केस पुसलेले आहेत तर तिथे थांबायला हवं ना? मग जातं कसं?"

मी वळलो नाही. जन्मापासून सपाट असलेल्या केसांबद्दल मी या मुलांशी कधी बोललो नव्हतो. लहान आहेत, गोंधळतील, म्हणून ते पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलं होतं. हे तिला माझ्या चेहऱ्यावर सापडलं नव्हतं. पाठीवर तर नव्हतंच. ते तिथे, नाण्यावरच होतं.

वर्ग सुटल्यावर आम्ही दोघं वहिनींकडे गेलो. त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, जिना अंधारा, आणि टाचणी पुढे पळत होती. दार उघडताच वहिनींनी तिला आत घेतलं, बशीत बिस्किटं ठेवली, आणि माझ्यासमोर बसल्या. वकिलाची खुर्ची कुणीच घेतली नाही. मी डबी टेबलावर ठेवली.

"चांगलं आहे, वहिनी. अस्सल न झिजलेलं. असं मी दोनदाच पाहिलंय. म्हणजे हे तिसरं."

"तुम्ही पाहिलंत?"

सरळ प्रश्न होता. हो म्हणायला काहीच लागणार नव्हतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. टाचणी बिस्किट चावत होती आणि तो आवाज फार मोठा येत होता.

"हिने पाहिलं," मी म्हणालो.

वहिनींनी डबी उघडून नाणं पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तेच. मला वाटतच होतं. दोनच कारणं असू शकत होती, भाऊजी. नाणं वाईट असेल, तर त्यांना स्वतःची लाज वाटली असेल. आणि चांगलं असेल, तर..." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "तुम्हाला आठवतं, त्यांनी एकदा कपाटातून काढून तुम्हाला एक नाणं दाखवलं? तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, वा, काय फिरतंय. ते त्यांचं चांगलं नाणं नव्हतंच. घाईत हात भलत्याच नाण्यावर पडला होता. धुतलेलं होतं म्हणे. तुम्ही गेल्यावर बराच वेळ ते हातात घेऊन बसले होते. नंतर तुम्हालाच देऊन टाकलं, मुलांसाठी."

पिशवीत हात गेला. मेलेलं नाणं तिथेच होतं. मी ते बाहेर काढलं नाही.

"आणि त्यानंतर हे मिळालं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "मी विचारलं, दाखवलंत का त्याला? तर म्हणाले, सध्या नको."

"सध्या नको!" मी उभा राहिलो. "सांगायचं ना मला! एवढी वर्षं बसत होता समोर, एक वाक्य बोलता येत नव्हतं? कोर्टात तासन्तास बोलायचा! तुला दिसत नाही, एवढंच तर! किती अवघड आहे?"

"सोपंय," वहिनी म्हणाल्या. "पण तुमच्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणायची कुणाची छाती होते, भाऊजी?"

मला वहिनींवर ओरडायचं होतं, त्याच्यावर ओरडायचं होतं, आणि ओरडायला समोर एक रिकामी खुर्ची होती. त्याला आता कुठे गाठू? आयुष्यात एकदा त्याला सगळ्यात दुर्मिळ नाणं मिळालं, आणि ते दाखवायला ज्याच्याकडे धावत यायचं, त्याच्यापासूनच मोज्यांखाली लपवावं लागलं. तो आनंद त्याने एकट्याने कसा केला असेल? दिव्याखाली धरून, चाक फिरवून, इकडेतिकडे बघून, परत कापसात? मी होतो म्हणून. मी दुखावेन म्हणून. असल्या दयेचं काय करायचं असतं? वहिनींनी डबी माझ्यापुढे सरकवली. "तुमच्याकडे ठेवा," म्हणाल्या. मी म्हणालो, "नको." मग म्हणालो, "हिचं समजा. अधूनमधून येऊन बघून जाईल. डबी मात्र तुमच्याकडेच असू द्या." टाचणीने तोंडातलं बिस्किट न गिळताच मान हलवली.

उतरताना जिना वर येतानाच्यापेक्षा अंधारा होता. मी कठड्याला हात लावून उतरत होतो आणि मनातल्या मनात वकिलाशी भांडत होतो, त्याला कोंडीत पकडेल असं वाक्य जुळवत होतो. पाऊल पुढे टाकणार, एवढ्यात खालून टाचणी म्हणाली, "आजोबा, थांबा."

"दिसतंय मला," मी म्हणालो. सवयीने.

ती दोन पायऱ्या खाली उभी होती. उजेड अडू नये म्हणून तिने अंग भिंतीला टेकवलं, आणि मग, माझ्याच आवाजात, मी मुलांना विचारतो तसं, अजिबात घाई नसल्यासारखं विचारलं, "काय दिसतं?"

पाय हवेत तसाच होता. उत्तर शोधायला मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वेण्या होत्या, कान होते, मागे जिन्याच्या खिडकीचा उजेड होता. मधोमध, जिथे ती होती, तिथे काही नव्हतं. वाचायला काही नव्हतं. ती वाट पाहत होती, आणि वाट पाहायला ती माझ्याकडूनच शिकली होती.

"नाही दिसत," मी म्हणालो.